दरवाज्यामागे माणसं होती

पाणबुड्या खाली गेला की वर त्याची नाळ कुणीतरी धरावी लागते. त्या जलविद्युत केंद्रावर ती अक्का धरायची. नाळ म्हणजे हवेची नळी, फोनची तार आणि दोर असं तिन्ही एकत्र बांधलेलं, मनगटाएवढं जाड, लांबच लांब वेटोळं. एक टोक खाली पाणबुड्याच्या हेल्मेटला, दुसरं वर कॉम्प्रेसरला. मधलं सगळं अक्काच्या हातात. किती सोडायची, कधी ताणायची, कधी नुसती बोटांवर तोलून धरायची, हे तिच्या तळहातांना आपोआप कळायचं. कानाला फोन असायचाच. खालचा माणूस दमला की त्याच्या श्वासावरून तिला ते आधी समजायचं आणि त्याला मागाहून.

खालचा माणूस म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. सगळं केंद्र त्याला बेडूक म्हणायचं. त्याला त्याचा राग नव्हता, उलट कुणी नवा साहेब आला आणि अहो-जाहो करू लागला, की तोच म्हणायचा, "साहेब, नुसतं बेडूक म्हणा. मला कळतं." त्यांचे वडीलही पाणबुडेच. लहानपणी ते दोघांना कामावर घेऊन जायचे. पोरगा पाण्याकडे धावायचा आणि पोरगी त्याची चड्डी धरून मागे ओढायची. वडील हसून म्हणायचे, "चला, दोघांच्याही पोटापाण्याची सोय झाली." आणि तसंच झालं.

भाऊ पाण्याखाली असला की अक्काशी अखंड बडबडायचा. "अक्का, इथे एक मासा माझ्याकडे असा बघतोय, जसा काही मी चपला घालून त्याच्या देवघरात शिरलोय." अक्का ओठांची घडी न मोडता म्हणायची, "काम कर." पण आजूबाजूच्या माणसांना कळायचं की तिला हसू आवरत नाहीये.

अक्काचा नवराही याच धरणावरचा. तो पाइप रंगवायचा, म्हणून रंगारी. पण त्याच्या कामात रंग सगळ्यात शेवटी यायचा. तलावातलं पाणी धरणाच्या पोटातून ज्या पाइपमधून खाली यंत्रांवर जातं, तो पाइप एवढा रुंद की त्यातून ट्रक जावा. पुराच्या पाण्याबरोबर वाळू येते. ती वाळू वर्षानुवर्षं लोखंडाला घासत राहते, कानस चालवावी तशी. जिथे लेप घासून जातो तिथे गंज शिरतो, आणि गंजलेलं लोखंड वाळूला आणखी सोपं जातं. दोघं मिळून खातात. रंगारी आणि त्याची माणसं पाइप रिकामा करून आत शिरायची, फवाऱ्यानं सगळा गंज उडवून लोखंड चांदीसारखं उघडं करायची आणि त्याच दिवशी त्यावर लेपाचा पहिला हात द्यायची. हवेतल्या दमटपणानं संध्याकाळपर्यंत ते परत तांबूस व्हायला लागतं, म्हणून उद्यावर काही ठेवायची सोय नाही. रंगारी घरी आला तरी त्याच्या भुवयांत ती राखाडी धूळ असायची. अक्का म्हणायची, "अहो, आधी तोंड धुवा, मग मला ओळख दाखवा."

त्या हंगामात पाइपचं काम जवळजवळ संपत आलं होतं. शेवटचा हात वरच्या तोंडाशी चालू होता, जिथे पाइप तलावाला मिळतो आणि जिथे एक मोठा लोखंडी दरवाजा पाणी अडवून धरतो. दरवाजा जिथे टेकतो त्या खालच्या पट्टीला सगळे उंबरा म्हणत. त्या उंबऱ्यातून पाणी पाझरत होतं. धार फार नव्हती, पण ओल्या लोखंडावर लेप धरत नाही आणि ओला लेप धुपतो. रंगाऱ्यानं आतून नाना उपाय केले. शेवटी पाण्याच्या बाजूनंच फट बुजवायची ठरलं. म्हणजे बेडकाला खाली जाणं आलं.

देखभालीच्या इंजिनीअर मॅडम सावध बाई होत्या. त्या म्हणाल्या, "पाणबुड्या दरवाज्यापाशी असेपर्यंत पाइप रिकामा करा. कुणीही आत नको."

रंगारी काकुळतीला आला. "मॅडम, कालचा हात अजून चिकट आहे. वर एक माणूस बसून ती धार टिपत राहिला नाही, तर सगळं पाणी ओघळून त्यावरून जाईल. कित्येक महिन्यांची मेहनत आहे."

"फट तर एवढीशी आहे," भाऊ म्हणाला. "मी काठीनंच ताग कोंबणार. हात जवळ नेणारच नाही."

मॅडमनी अक्काकडे पाहिलं. अक्कानं नवऱ्याचा चेहरा पाहिला, भावाचा पाहिला, आणि मान हलवली. तिलाही वाटलं, एवढ्याशा फटीला काय भ्यायचं. मॅडमनी नाइलाजानं होकार दिला. मग ठरलं ते असं: रंगारी आणि लेप देणारी माणसं खाली, बाहेर पडायच्या झरोक्यापाशी थांबतील, आणि वर दरवाज्याशी एकटे काका फळीवर बसून धार टिपतील. काका म्हणजे रंगाऱ्याचे सगळ्यात जुने कामकरी. पाठ वाकलेली, पण फडकं धरावं ते त्यांनीच.

सकाळची वेळ. तलाव काचेसारखा शांत. भाऊ उतरला. अक्का नाळ सोडत राहिली.

"दिसली फट," फोनमधून आवाज आला. "बोराएवढी आहे गं. उगाच सगळे घाबरले."

"लांबून कोंब."

"हो हो. सासूसारखी वरून सूचना नको देऊस."

थोडा वेळ नुसता श्वास. मग काठीची ठकठक. मग तो म्हणाला, "ताग बसत नाहीये. कड खरखरीत लागतेय. काठीनं जरा खरवडतो."

त्यानंतर जे झालं ते अक्कानं आधी हातानं ऐकलं. नाळेला एक हिसका बसला, मोठ्या माशानं गळ ओढावा तसा. कानात एक ओरड आली आणि अर्ध्यातच तुटली.

"काय झालं? बोल! बेडक्या, बोल!"

"हात गेला," तो म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता. "उंबऱ्याची पट्टी तुटली. भोक पडलं, अक्का. मी तोल सावरायला गेलो तर हात आत गेला, कोपराच्या वर. ओढतंय. सगळं पाणी मला ओढतंय."

पुढे चौकशीत कळलं की ती पट्टी वरून धड दिसत असली तरी खालून गंजून पापुद्र्यासारखी झाली होती. दरवाजा बंद असताना ती बाजू कुणालाच दिसत नव्हती. पण त्या क्षणी एवढंच खरं होतं की दरवाज्याच्या एका अंगाला अख्खा तलाव होता, दुसऱ्या अंगाला रिकामा पाइप, आणि त्या दोन्हींच्या मधल्या भोकात भावाचा हात बुचासारखा बसला होता.

मागे उभी असलेली दोन माणसं धावली आणि त्यांनी नाळ पकडली. "ओढू नका!" अक्का किंचाळली. "हात तुटेल! सोडा!" त्यांनी हात वर केले, जसं काही कुणी बंदूक रोखली आहे.

हात सुटायचा एकच मार्ग होता. पाइप पाण्यानं भरायचा. दोन्हीकडचं पाणी सारखं झालं की ओढ थांबते. त्यासाठी वरच एक झडप होती, मोठ्या चाकाची. मॅडम धावत चाकापाशी पोचल्याही होत्या. तेवढ्यात त्यांच्या वॉकीटॉकीवर खालच्या झरोक्यावरून कुणीतरी ओरडायला लागलं.

पट्टी तुटली तेव्हा आतल्या बाजूला पाण्याचा लोट सुटला होता. हात भोकात अडकून पडेपर्यंत जेमतेम काही श्वास गेले असतील, पण तेवढ्यात त्या लोटानं काकांना फळीवरून उचलून खाली आपटलं. त्यांचा पाय मोडला होता. खालची माणसं बाहेर पडली होती. रंगारी मात्र बाहेर पडला नव्हता. तो काकांना आणायला पाइपच्या चढावर परत वर गेला होता.

मॅडमचा हात चाकावरच होता. "अक्का," त्या म्हणाल्या, "त्या दोघांना खाली आणायला वेळ लागेल. तुझा भाऊ तेवढं धरेल का? धरत असेल तर ती दोघं बाहेर आल्याशिवाय मी चाक फिरवत नाही. जात असेल तर मला आत्ता उघडावं लागेल, हळूहळू, आणि त्यांनी जसं जमेल तसं पाण्यातून यायचं. मला खालचं काही ऐकू येत नाही. तूच सांग."

आणि नेमकं त्याच वेळी भाऊ फोनमध्ये म्हणाला, "अक्का, नाही गं होत. हात मेलाय माझा. डोळ्यांपुढे काळं येतंय. सोडव मला. लवकर."

अक्कानं मॅडमकडे पाहिलं आणि म्हणाली, "धरतोय तो. थांबा."

फोन तिच्या तोंडापाशीच होता. तिचा शब्द न् शब्द खाली गेला.

नंतर किती वेळ गेला हे तिला कधीच नीट सांगता आलं नाही. ती बोलत राहिली. "होतंय हं. होतंय. आता सुटेल. श्वास घे, लांब घे. मी आहे." तिकडून उत्तर येईना. नुसता श्वास यायचा, आखडलेला, मध्येच हुंदक्यासारखा. एकदा ती म्हणाली, "रागावलास का रे?" आणि तिचं तिलाच वाटलं की हे काय विचारतेय मी. तळहातावर नाळ थरथरत होती. वॉकीटॉकीवर खालून तुकड्यातुकड्यानं कळत होतं: पाइप निसरडा आहे, रंगाऱ्यानं काकांना पाठीला बांधलंय, बसून घसरत येतायत, लेप अजून ओला आहे, हाताला धरायला काही नाही. मॅडम लांब चाकापासून एकेक शब्द मोठ्यानं सांगत होत्या; तो फोनमधून खाली जात नव्हता. अक्का ऐकत होती आणि भावाला "होतंय, होतंय" म्हणत होती.

"दोघं बाहेर! झरोका बंद!" मॅडम ओरडल्या आणि त्यांनी चाक फिरवलं.

पाइप भरायला जो वेळ लागला तो लागलाच. धरणाच्या पोटात मोठा गडगडाट सुरू झाला आणि हळूहळू तो दाट होत होत बुजून गेला. मग नाळ एकदम सैल पडली. अक्कानं त्याला वर घेतलं, नेहमीसारखं, घाई न करता, कारण घाई केली तर फुप्फुसं जातात हे तिला झोपेतही ठाऊक होतं. तो वर आला तेव्हा शुद्धीत होता. हातमोजा उतरवला तर आतला हात निळसर-पांढरा, परका, कुणाचा तरी दुसऱ्याचाच असावा तसा. भावानं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं स्ट्रेचरवर झोपून डोळे मिटून घेतले.

रुग्णालयात डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलं, बाकीची काढावी लागली. डॉक्टर चांगला माणूस होता, त्याच्या मनात काही नव्हतं, पण कागद भरता भरता तो बोलून गेला, "रक्त फार वेळ बंद होतं. थोडं आधी सुटला असता तर कदाचित वाचली असती." अक्का तिथेच बाकावर बसली होती. तिनं पदर तोंडाशी धरला. लोकांना वाटलं, ती रडतेय. ती रडत नव्हती.

भावजय धावत आली होती. ती अक्काच्या गळ्यात पडली. "वन्सं, तुम्ही वर होतात म्हणून हे वाचले. दुसरं कुणी असतं तर घाबरून ओढलं असतं." ती खरंच सांगत होती. तो खरेपणा अक्काला सोसेना. तिनं भावजयीच्या पाठीवर हात फिरवला.

घरी रंगारी तिची वाट बघत होता. त्याच्या पाठीवर काकांना बांधलेल्या दोराचे वळ उठले होते. पाइप भरल्यानं त्याचा सगळा चिकट लेप वाया गेला होता. खाली, यंत्रांतून पाणी बाहेर पडतं तिथे, राखाडी साय तरंगत होती म्हणे. त्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. उशिरा, जेवणाचं ताट तसंच समोर असताना म्हणाला, "आत राहायचा हट्ट मी धरला नसता तर..."

"आपण सगळ्यांनीच होकार दिला," अक्का म्हणाली.

"तुला कळलं होतं ना, मी आत आहे?"

"हो."

तिला वाटलं, आता तो पुढचं विचारेल. तू माझ्यासाठी थांबा म्हणालीस की काकांसाठी? तो विचारेल आणि मग आपल्याला उत्तर शोधावं लागेल. पण त्यानं काही विचारलं नाही. त्यानं ताट पुढे ओढलं. त्याला माहीतच नव्हतं की भाऊ फोनवर काय म्हणाला होता. ते फक्त दोघांना माहीत होतं.

चौकशी झाली. मुख्य कचेरीतून दोन अधिकारी आले. रीतसर सगळ्यांना एकेक करून विचारलं गेलं, पण शेवटी फोनवर काय बोलणं झालं हे नीट जुळावं म्हणून अक्काला आणि भावाला एकत्र बसवलं. भावाचा हात गळ्यात अडकवलेला. अधिकारी म्हणाले, "इंजिनीअर मॅडमनी विचारल्यावर यांनी सांगितलं की तुम्ही धरताय. तुम्ही फोनवर नेमकं काय म्हणाला होतात?"

ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, इतक्यात भाऊ शांतपणे म्हणाला, "तेच म्हणालो होतो. धरतो, थांबा."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. उंबऱ्याच्या पट्टीवर ठपका आला, माणूस आत असताना पाणबुड्या उतरवू नये असा कडक नियम झाला, मॅडमना समज मिळाली. बाहेर आल्यावर अक्का भावाच्या मागे मागे चालत होती. तो थांबला नाही. बायकोच्या मागे स्कूटरवर बसून निघून गेला.

अक्काच्या डोळ्याला डोळा लागेना. धरणावर जाणं तिनं सोडलं. भावाकडे जायची, तर तो मोकळेपणानं बोलायचा, हसायचासुद्धा. पण ते हसणं पाहुण्यांसमोर हसतात तसलं. रंगाऱ्याशी मात्र तो पूर्वीसारखाच. "भावजी, माझ्यामुळे तुमचा सगळा मेकअप उतरला," म्हणायचा. काकांच्या प्लास्टरवर त्यानं डाव्या हातानं बेडूक काढला होता. सगळ्यांसाठी तो होता तोच होता. फक्त अक्काशी बोलताना त्याच्या बोलण्यातून चेष्टा गेली होती, आणि तेवढं जाणं म्हणजे काय हे दुसऱ्या कुणाला कळणार नव्हतं.

शेवटी एका दुपारी भावजय बाजारात गेलेली असताना ती त्याच्या घरी गेली. तो आरशापुढे उभा राहून उरलेल्या दोन बोटांनी शर्टाचं बटण लावायची खटपट करत होता. तिनं हात पुढे केला. त्यानं मान हलवली.

"चौकशीत खोटं का बोललास?" तिनं विचारलं.

"तू खोटं बोलली होतीस म्हणून. एकाच घरातली दोन माणसं, खोटं तरी जुळायला नको?"

"थट्टा नको करूस."

"बरं." त्यानं बटण सोडलं आणि खाटेवर बसला. "मग ऐक. तू थांबा म्हणालीस त्यात तू चुकली नाहीस. आत भावजी होते, काका होते. हाताचं काय एवढं. कुणीही हेच म्हणालं असतं."

"मग?"

"मला ते नंतर कळलं, अक्का. स्ट्रेचरवर. तोवर मला वाटत होतं, सगळे केव्हाच बाहेर निघालेत. मी तुला म्हणतोय सोडव, आणि तू वरून सांगतेस, धरतोय तो. मला वाटलं, माझंच काहीतरी ऐकू गेलं नाही. मग तू आपली होतंय, होतंय. काय होतंय? काय चाललंय वर? कुणी मेलंय का? कॉम्प्रेसर बंद पडला का? मला काय काय वाटलं तुला सांगता येणार नाही. तू मला सांगितलंच नाहीस."

अक्का खाटेच्या कडेला टेकली.

"एकदा म्हणायचंस. बेडक्या, तुझे भावजी आत अडकलेत, काकांचा पाय मोडलाय. मीच म्हणालो असतो, थांबा. मी धरलंच असतं गं. तसंही मी धरलंच ना? पण ते माझं म्हणून धरलं असतं."

भिंतीवरच्या पंख्याची कुरकुर चालू होती. अक्का म्हणाली, "आणि तू नाही म्हणाला असतास तर?"

त्यानं चटकन वर पाहिलं. मग नजर आपल्या हाताकडे वळवली.

"हीच भीती होती तुला," तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे तुला वाटलं, मी नाही म्हणेन."

तिला सांगायचं होतं की वाटायला वेळच नव्हता; की तोंडातून शब्द आधी गेला आणि मन मागाहून आलं. पण ते पुरतं खरं नव्हतं हे तिलाही ठाऊक होतं. इतक्या वर्षांत ज्याचा श्वास तिला तोंडपाठ होता, त्या माणसावर नेमक्या त्या वेळी तिचा भरवसा बसला नव्हता. ती म्हणाली, "मला माहीत नाही रे." आणि तिला रडू फुटलं. रुग्णालयातसुद्धा फुटलं नव्हतं ते.

भाऊ उठला नाही. पण त्यानं तिला रडू दिलं, आणि ती थांबल्यावर म्हणाला, "चहा टाक. मला एका हातानं टाकता येतो, पण चांगला होत नाही." तिनं चहा केला. दोघांनी तो खाटेवर बसूनच घेतला. जाताना तिनं विचारलं, "येऊ ना परत?" तो म्हणाला, "तुझंच घर आहे." हे शब्द बरे होते, पण पूर्वी तो असं काही म्हणालाच नसता, पूर्वी असं म्हणायची गरजच पडली नसती.

पुढच्या हंगामात उंबरा बदलायचं काम निघालं. तलावाच्या बाजूनं आणखी एक आडोसा टाकून दरवाज्याच्या दोन्ही अंगांचं पाणी काढलं, जुनी पट्टी कापून काढली आणि तिथे गंज न धरणाऱ्या पोलादाची नवी, जाड पट्टी बसवली. रंगाऱ्यानं पाइप पुन्हा पहिल्यापासून उघडा केला. या वेळी काका आत गेले नाहीत. कुबडी टेकून झरोक्यापाशी बसायचे आणि लेप कालवणाऱ्यांच्या चुका काढायचे. पाइप भरण्याआधी आडोशाच्या कडा पाण्याखालून तपासायच्या होत्या. त्यासाठी दुसरीकडून एक नवा पाणबुड्या आला. नाळ धरायला मॅडमनी अक्काला बोलावलं.

अक्का म्हणाली, "नाळ धरते. फोन नाही घेणार."

मॅडमनी कारण विचारलं नाही. त्यांनी बेडकालाही बोलावलं होतं, नव्या माणसाला खालची सगळी जागा समजावून द्यायला. तो आला. त्यानं फोन मागितला आणि डाव्या हातानं कानाला लावला. अक्का त्याच्या शेजारी उभी राहून नाळ सोडू लागली. दोघांच्यात हातभर अंतर होतं.

नवा माणूस खाली पोचला. भाऊ बोलू लागला. "ऐक. पाइपमध्ये कुणी नाही, मी स्वतः मोजून आलोय. झरोका उघडा आहे. मॅडम चाकाजवळ आहेत. कॉम्प्रेसर नीट चालू आहे, आवाज येतोय ना? वर आम्ही चौघं आहोत. आत्ता एक ट्रक येऊन थांबला, त्याचा धक्का तुला जाणवला असेल, घाबरू नकोस, नुसता ट्रक आहे. आत्ता कुणीतरी चाकापासून पाणी प्यायला गेलं, पण मॅडम तिथेच आहेत..."

तो थांबेचना. वर जे जे घडत होतं ते सगळं खाली सांगत होता. शेवटी फोनमधून वैतागलेला आवाज इतका मोठा आला की सगळ्यांना ऐकू गेला: "दादा, कळलं हो सगळं! आता जरा काम करू द्या!"

माणसं खदखदून हसली. मॅडमही हसल्या. भावाच्या तोंडावर हसू आलं नाही. तो म्हणाला, "तू काम कर. मी सांगत राहतो." आणि पुन्हा सांगू लागला.

अक्का पाण्याकडे बघत होती. तिनं आणखी थोडी नाळ सोडली.